येवल्याच्या ओळीखालची रेघ

माझ्या कथांतल्या बायका घर सोडून जातात. एक मंगळागौरीच्या दिवशी गेली, एक मुलीला शाळेत सोडून परस्पर. कथा तिथेच संपायची. बस सुटायची, खिडकीतून वारा यायचा, मी खाली सही करायचे. कॉलेजात मराठी शिकवतानाही मी मुलांना सांगत आले, की कथेत निघून जाणंच महत्त्वाचं; कुठे पोचली ते विचारू नका.

हे तोंडावर खोडून काढलं ते एका वाचक बाईने.

शनिवारी दुपारी आम्ही पाच-सहाजणी नाशकातल्या एका वाचनालयात जमतो. त्यांत ती सगळ्यांत लहान, सव्वीस वर्षांची. मखमलाबादच्या पुढे सासरचा फुलांचा मळा. सकाळी झेंडू-शेवंती घेऊन बाजारात यायची आणि रिकामे क्रेट मिळायला वेळ लागतो असं घरी सांगून आमच्यात येऊन बसायची. लग्नाआधी तिचं नर्सिंगचं एक वर्ष झालं होतं. पुढे शिकू देऊ, असं सासरचे म्हणाले होते. लग्नानंतर तिचे सगळे दाखले थोरल्या दिरानं कपाटात ठेवून कुलूप लावलं. एकदा वही उघडताना तिच्या बांगड्या वर सरकल्या. मनगटाभोवती बोटांचे काळेनिळे ठसे होते.

"हे काय गं?"

"क्रेट लागला, मॅडम."

मी पुढे काही विचारलं नाही. याची मला अजून लाज वाटते.

त्या वर्षी एका दिवाळी अंकात माझी कथा आली. तिच्यातली बाई येवल्याच्या बसमध्ये बसते. तिथे तिच्या ओळखीची एक पैठणी विणणारी बाई राहते, असं एका ओळीत येतं. कथा वाचून झाल्यावर बाकीच्या छान छान म्हणाल्या. ही म्हणाली, "बस सुटली, मग पुढं? ती झोपली कुठं? नवरा शोधायला आला असंल ना?"

"ते वाचकानं ठरवायचं," मी नेहमीचं उत्तर दिलं.

"वाचकाला ठरवता आलं असतं, तर वाचलं कशाला असतं?"

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण मला ते लागलं. "मग तूच लिही पुढचं," मी म्हणाले. पुढच्या शनिवारी तिनं निळ्या पुठ्ठ्याची वही माझ्या हातात दिली. "सावकाश वाचा," म्हणाली. मी ती घरी आणली आणि हॉलमधल्या टेबलावर तपासायच्या पेपरांत ठेवून दिली.

सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला बेल वाजली. दारात दोन पुरुष होते. मी एकटी राहते. अनोळखी माणसाला आत घेत नाही. पण पुढच्याच्या हातात तो दिवाळी अंक दिसला आणि मी बाजूला झाले.

"मॅडम, माझी बायको कुठं हाय?" तो म्हणाला. मागचा त्याचा थोरला भाऊ. त्यानं आत आल्यावर दार लोटून घेतलं.

"म्हणजे? घरी नाही का?"

"काल सकाळी फुलं घेऊन निघाली. क्रेट बाजारात सापडले, ती नाय. फोन बंद." त्यानं अंक उघडून माझ्यापुढे धरला. येवल्याच्या ओळीखाली लाल शाईची जाड रेघ होती. "हे तिच्या उशीखाली घावलं, तुमचा पत्ता बी ह्यातच हाय. येवल्यात कोण हाय तुमचं?"

"कोणी नाही. ती गोष्ट आहे. मनानं लिहिलेली."

"तुम्ही मनानं लिवता," थोरला शांतपणे म्हणाला, "अन् आमच्या घरातली बाई जाती."

तो टेबलाजवळच्या खुर्चीत बसला. त्याचा हात पेपरांच्या गठ्ठ्यावर गेला आणि तो वरचे कागद उगाच चाळू लागला. चौथ्या-पाचव्या पेपराखालून निळा पुठ्ठा डोकावत होता. वहीत काय आहे ते मला ठाऊक नव्हतं. पण ती वही त्याच्या हाती पडता कामा नये एवढं कळलं.

"ते परीक्षेचे पेपर आहेत, हात लावू नका," मी म्हणाले. वर्गात वापरते तो आवाज आपोआप निघाला. त्यानं हात मागे घेतला. मी गठ्ठा उचलून छातीशी धरला आणि उभीच राहिले.

"येवल्याला ती गेली असेल असं मला वाटत नाही," मी म्हणाले. मी खरं तेच सांगत होते, पण माझा चेहरा बघून त्यांना ते खोटं वाटलं असणार. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"चल येवल्याला," थोरला उठला. जिन्यावरून परत वळून म्हणाला, "तिथं नाय घावली, तर परत येऊ."

कडी लावून मी तिथेच जमिनीवर बसले आणि वही उघडली. सहा पानं होती. त्यातल्या बाईनं नवऱ्याला सापडेल अशा जागी एक पुस्तक ठेवलं होतं आणि त्यातल्या एका गावाखाली लाल रेघ मारली होती. तो त्या गावात घरं शोधत फिरेल तोवर ती दुसऱ्या दिशेच्या बसनं नामपूरला, शाळेतल्या मैत्रिणीच्या आईकडे गेली. मैत्रीण कोणाला माहीत नव्हती. आधी पोलिसांत जबाब, मग दाखले, मग कॉलेज असं सगळं क्रमानं लिहिलं होतं.

मला तिचा राग आला. मला न विचारता तिनं मला आमिष केलं होतं. थोड्या वेळानं वाटलं, इतकी नेटकी कथा मला कधी जमली नाही. मग मात्र फक्त भीती उरली. मी ती पानं फाडून गॅसवर जाळली.

ते परत आले नाहीत. पण तीन दिवस मी लिफ्टचा आवाज आला की टीव्ही बंद करत होते. गुरुवारी दुपारी पोलीस ठाण्यातून फोन आला. नवऱ्यानं ती हरवल्याची तक्रार देताना माझं नाव सांगितलं होतं आणि आता ती स्वतः हजर झाली होती.

मी पोचले तेव्हा तिनं जबाब दिला होता, की मी सज्ञान आहे, स्वखुशीनं घर सोडलं. शेजारी नऊवारीतली एक धिप्पाड बाई बसली होती, मैत्रिणीची आई. समोरच्या बाकावर नवरा आणि थोरला. नवरा उठून जवळ येऊ लागला तशी ती बाई मध्ये उभी राहिली. "ती आते मन्ही पोर शे," अहिराणीत म्हणाली; ती आता माझी पोर आहे. तो थांबला.

"मला माझे दाखले पाहिजेत," ती हवालदार बाईंना म्हणाली.

"कसले दाखले? गेले हरवून," थोरला म्हणाला.

"हरवले असतील तर तसं लिहून द्या," हवालदार बाई म्हणाल्या. तो रागानं निघून गेला. पुढचे दोन तास आम्ही चौघं समोरासमोर बसून होतो. नवरा तिच्याकडे एकटक बघत होता. तिचा गुडघा सारखा हलत होता.

"मला सांगायचंस तरी," मी हळूच म्हणाले.

"सांगितलं असतं तर तुमच्या तोंडावर दिसलं असतं, मॅडम." मग थांबून म्हणाली, "तुम्हाला लय त्रास झाला. पण त्यांना चुकवायला मला दुसरं कोणाचं घर सुचलं नाय."

थोरल्यानं प्लास्टिकची पिशवी आणून टेबलावर आपटली. तिनं एकेक कागद उघडून पाहिला. दहावी, बारावी, जन्मदाखला, नर्सिंगची गुणपत्रिका. एकाच्या कडेला वाळवी लागली होती. ती बोटानं झाडून तिनं सगळ्यांची पुन्हा नीट घडी घातली. त्या दोघी निघाल्या तेव्हा हवालदार बाई स्टँडपर्यंत सोबत गेल्या.

आता ती सटाण्याला एका दवाखान्यात मदतनीस आहे आणि उरलेली वर्षं पुरी करते आहे. सोडचिठ्ठीचा दावा चालू आहे. तारखेला नाशकात येते तेव्हा माझ्याकडे जेवते. दाराकडे तोंड करून बसते.

नवरा एकदाच दिसला, मार्चमध्ये, दुपारी भाजी घेऊन परतताना. सोसायटीच्या फाटकाशी मोटरसायकलवर बसला होता. मी मागे वळायच्या बेतात होते.

"ती बरी हाय का?" त्यानं विचारलं.

"बरी आहे."

आणखी काही विचारेल म्हणून मी भाजीची पिशवी धरून उभी राहिले. त्यानं मान हलवली, गाडीला किक मारली आणि गेला.