बादशाचं पोळ्याचं जेवण

मी एका घोड्यावर जळायचो.

हसा.
तो आज सकाळी गेला, आणि मी अजूनही जळतोच आहे.

बादशा. बल्लारपुरात वरात निघाली की बहुतेक वेळा नवरदेव याच्याच पाठीवर. पांढराशुभ्र, उंच. अॅटिट्यूड असा, की लग्न जणू त्याचंच आहे.

त्याला सांभाळायची घोडेवाल्या भाऊंची पोरगी.
तिचं नाव लिहीत नाही. भाऊ फेसबुकवर आहेत.
तसंही तुम्हाला माहीतच आहे. मी कॉलेज अर्ध्यात सोडलं, पण तिची गल्ली सोडली नाही.

त्यांच्याकडे ना शेत, ना बैल. म्हणून पोळ्याला पूजा बादशाची. जेवणाचा मानही त्याचाच.

मागच्या पोळ्याला मी हिरोगिरी केली. गावाकडून सरकीच्या ढेपेचं पोतं बाइकवर बांधून आणलं. आमचे बैल त्यावर जीव टाकतात.

तिनं पोत्यात हात घालून पाहिलं.
"अरे, बैल समजून राह्यला का त्याले?"

भाऊ खाटेवरून हसले. "शेतकऱ्याचं पोट्टं होय ते. त्याले सारेच बैल दिसतेत."

पोतं तसंच परत नेलं. रस्ताभर बादशाला शिव्या घालत.

या वर्षी म्हटलं, शहाणा होऊ. गेल्या रविवारी तिच्यासोबत बाजारात गेलो.

नुसत्या गुळासाठी दुकानामागून दुकान. पिवळाधमक नको, काळसरच पाहिजे. खडा तोंडात टाकून बघायची. सफरचंद हातात घेऊन वास. घरी जाऊन त्याच्या बिया काढणार. काकडी कडू निघू नये म्हणून दुकानदाराला टोक कापायला लावून चाखणार.

एवढ्या प्रेमानं माझ्याकडे कोणी नुसतं पाहिलं असतं तरी मी पास झालो असतो.

"आणि पुरणपोळी?" मी विचारलं.
"एकच घास. जास्त झाली की पोट दुखते त्याचं. घोड्याले उलटी होत नाई, माहीत हाये का तुले?"
"माह्या पोटाचं कधी विचारलं का?"
"तुले टपरीचे समोसे पचतेत. तुले काय धाड भरली!"

डोकं सणकलं. तिथेच, कांद्याच्या ढिगाशेजारी बोललो, "मले काही सांगायचं हाये तुले."

तिनं काकडीवरून नजरही काढली नाही.
"पोळा होऊ दे. मंग ऐकीन. आता डोक्यात याचं जेवण हाये."

म्हणजे बघा. आपलं प्रेमसुद्धा घोड्याच्या ताटामागे लाइनीत उभं.

पिशव्या मात्र मीच उचलल्या.

काल संध्याकाळी तिनं त्याच्या मानेला हळद-तूप चोळलं. बैलांना आदल्या दिवशी देतात तसं कानाशी जाऊन आमंत्रण दिलं, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

मी फाटकाला टेकून उभा. मला कोणी साधं "ये" म्हटलं नाही.

आज सकाळी बादशा उठलाच नाही.
म्हातारा झाला होता. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेला.

गल्लीतून सजवलेले बैल निघाले. डफडं वाजत होतं. ती ताट घेऊन दारात आली आणि येईल त्या बैलापुढे सफरचंदाची फोड धरत गेली. डोळे वाहत होते, ते पुसतही नव्हती.

खरं सांगतो, त्या बैलांवरही जळलो.

दुपारी नदीकडच्या पडीत जागेत जेसीबीनं खड्डा केला. भाऊ पाठ करून उभे राहिले. माती लोटून झाली आणि ती सरळ माझ्याकडे आली. डोळे सुजलेले. हातांना अजून हळद.

"तुले काही सांगायचं होतं ना? झाला पोळा. सांग."

अख्खं वर्ष याच घटकेची वाट पाहिली होती. वाक्यं पाठ होती. तिच्यासमोर मी, मध्ये कोणी नाही.

आणि चहा थंड आला तरी भांडणारा मी खाली मातीकडे बघत म्हणालो,
"आज नाई. आज त्याचा दिवस हाये."

तिनं मान हलवली. भाऊंचा हात धरून निघून गेली.

जिंकला ना बे, बादशा?
एक दिवस माझा येणार होता, तोही तूच घेऊन गेला.

जा दोस्ता.
जळत जळतच, पण मनापासून, तुला शेवटचा रामराम.