बाकाचं दुसरं टोक

मिस्त्रींनी बाईंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका लांबलचक बाकाचं टोक धरून उलट्या पावलांनी चालत होत्या. दुसरं टोक एका भेदरलेल्या मुलाच्या हातात होतं. मिस्त्री कॉलेजच्या खिडक्यांना नवी दारं बसवायला आले होते. त्यांच्या डोळ्यांदेखत तो बाक व्हरांड्यातून ग्रंथालयाच्या मागच्या भिंतीपाशी गेला. दुसऱ्या दिवशी तोच बाक तिथून परत व्हरांड्यात आला. या खेपेला दुसऱ्या टोकाला एक मुलगी होती, आणि ती नाक ओढत काहीतरी सांगत होती.

"बाई, या बाकाची जागा एकदाची ठरवा," मिस्त्री शेवटी म्हणाले. "पोरं दमतात."

"ठरली तर माझी नोकरी जाईल," बाई म्हणाल्या.

पहिल्या वर्षाच्या मुलांची विचारपूस करायला कॉलेजनं बाईंना नेमलं होतं. त्यासाठी खोली दिली होती, दारावर पाटी होती, आत समोरासमोर दोन खुर्च्या होत्या. त्या खुर्चीत बसलं की प्रत्येक मूल "काही नाही, सहज आलो" एवढंच म्हणे. बाक उचलला की मात्र नजर पायांशी राहते, हात गुंतलेले असतात, आणि मध्येच सोडून पळताही येत नाही. ग्रंथालय येईपर्यंत पोटातलं सगळं ओठांवर येई. घरची आठवण, न कळणारे तास, एकट्यानं गिळलेला डबा. बाईंचं उत्तर ठरलेलं असे. "पहिली परीक्षा होईपर्यंत थांब. मग जायचंच असेल तर बॅग मी भरून देईन." बॅग भरून घ्यायला मात्र कुणी फिरकत नसे.

मिस्त्रींनी बाकाचा डुगडुगणारा पाय पक्का करून दिला. वजनही कमी करून देतो म्हणाले.

"नको. हलका झाला तर बोलणार कोण?"

हे उत्तर मिस्त्रींना फारच आवडलं. आठवड्याभराचं खिडक्यांचं काम त्यांनी सहामाही परीक्षेपर्यंत ताणलं. मिस्त्री कामाला ढिले, असं प्राचार्यांचं मत तेव्हा जे झालं ते झालंच. पुढे लग्न झालं, तरी ते बायकोला बाईच म्हणत राहिले. रागावले तर मॅडम.

त्यांची एकुलती एक लेक बारावी होऊन दुसऱ्या गावच्या कॉलेजात गेली आणि महिन्याच्या आत सगळं सामान घेऊन दारात उभी राहिली. मिस्त्री खुर्चीला रंधा मारत होते. त्यांनी रंधा खाली ठेवला.

"मी परत जाणार नाहीये," लेक म्हणाली. "आणि आई, आधीच सांगते, मी तुझं कपाट सरकवणार नाही, टेबलही उचलणार नाही. मला तुझ्या युक्त्या माहीत आहेत."

"कोण सांगतंय उचलायला?" बाई म्हणाल्या. "हात धू. जेवायला बस."

जेवताना लेकीनं न विचारताच सांगून टाकलं. खोलीतल्या बाकीच्या दोघी एकाच शाळेच्या होत्या. रात्री अंथरुणात पडून शाळेतल्या गमती सांगत हसायच्या, आणि हिला फक्त विचारायच्या, "दिवा मालवू ना?" महिनाभरात तिच्याशी झालेलं सगळ्यात लांब बोलणं तेवढंच.

आता बाई 'पहिली परीक्षा' काढणार, म्हणून मिस्त्री कान टवकारून बसले. पण बाई उठल्या, लेकीची बॅग उघडली आणि कपडे भराभरा कपाटात लावायला लागल्या. "बरं केलंस आलीस. आमच्या कॉलेजात बघू. मी उद्याच प्राचार्यांच्या कानावर घालते. खोली तुझी आहेच, पडदे तेवढे धुऊन टाकते."

"लोका सांगे ब्रह्मज्ञान," मिस्त्री हळूच म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो. पानातली भाजी संपवा."

लेक मात्र घास हातात धरून आईकडे बघत राहिली. "आई, तू मला थांब म्हणाली नाहीस."

"तूच म्हणालीस ना, जाणार नाही म्हणून?"

"ते सगळेच म्हणतात. तुझ्याकडे येणारा प्रत्येक जण तेच म्हणतो. त्यांना किती समजावतेस. मला एकदा तरी समजवायचंस."

बाईंच्या हातात लेकीचा सदरा होता. त्यांनी त्याची घडी केली, मोडली, पुन्हा केली.

"ती पोरं गेली तर माझं घर रिकामं होत नाही," त्या म्हणाल्या. "तू गेल्यापासून मी रोज कॉलेजातून उशिरा निघते. घरी येऊन करायचं काय? यांचा रंधा ऐकत बसायचं?"

मिस्त्रींना यात आपला अपमान आहे की काय, हे ठरवायला जरा वेळ लागला. तोवर लेक उठून आईच्या शेजारी खाली बसली होती.

"मग हे सरळ सांग की," ती म्हणाली. "मला वाटलं, मी इतकी नालायक आहे की तूसुद्धा आशा सोडलीस."

"वेडी आहेस," बाई म्हणाल्या. मग सदरा हातातच धरून त्यांनी विचारलं, "त्या दोघींना तू कधी काही विचारलंस? त्यांच्या शाळेबद्दल?"

"नाही."

"विचारून बघ. आणि पहिल्या परीक्षेपर्यंत थांब." एवढं म्हणायला त्यांना फार कष्ट पडले. "मग यायचं असेल तर ये. मी पडदे धुऊन ठेवते."

"मॅडम, पडद्यांचं राहू दे आता," मिस्त्री म्हणाले.

रविवारी लेक गेली. बस वळणाआड गेल्यावरही बाई थांब्यावरून हलेनात, तेव्हा मिस्त्री नुसते शेजारी उभे राहिले.

लेक आता शेवटच्या वर्षाला आहे. बाई अजून त्याच कॉलेजात आहेत. घरी स्वयंपाक आजही तिघांचाच होतो, आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी मिस्त्रींच्या डब्यात जातं.