लिलावाच्या तासाला चारही जागा भरलेल्या

"उद्यापासून सुलभा नको. दुसरी कोण तरी मी बघतंय," असं म्हणून नंदूशेठनी नोटीस टाइप करायला दिली, तीही सुलभाच्याच हातात.

मालवण बंदराला लागून शेठचा बर्फाचा कारखाना आणि मासळीचा धंदा. मोबाइलला तेव्हा तिथे धड रेंज नव्हती. म्हणून मी वायरलेस फोन बसवून दिले होते. भिंतीवर एक डबा, म्हणजे बेस स्टेशन, आणि आवारात फिरवायचे आठ हँडसेट. सुलभा ऑपरेटर. संध्याकाळी गोव्याच्या हॉटेलवाल्यांचे फोन आत जोडलेच जात नाहीत, ही तक्रार.

"दिसभर गजाली मारता ती," शेठ सगळ्यांसमोर म्हणाले. गजाली म्हणजे गप्पा.

"घरात दोन चेडवां शिकतत माझी. माका गजाली मारूक वेळ खंय आसा?" मुलींचं नाव काढताच सुलभाचे डोळे भरले होते, पण टाइप करणं थांबलं नाही.

माझं डोकं सटकलं. सिस्टिम मी बसवली, आणि खापर हिच्या डोक्यावर? "शेठ, दोन दिवस थांबा. यंत्र सगळी नोंद ठेवतं," मी म्हटलं.

एका बेस स्टेशनवर एका वेळी चारच हँडसेट बोलू शकतात. पाचव्याला यंत्र नाकारतं आणि तशी नोंद करतं. आपलेच दोन हँडसेट एकमेकांशी बोलले तर दोन जागा अडतात. एस्टीत नवरा-बायकोला दोन सीट लागतात, तसंच.

लॅपटॉप जोडून आकडे काढले. सगळे नकार संध्याकाळी साडेचार ते साडेपाच, बंदरावरच्या लिलावाच्या वेळी. सुलभाचा सगळ्यांत लांब कॉल पाऊण मिनिटाचा. आणि तो अख्खा तास त्याच चार हँडसेटनी धरून ठेवलेला: आबांचा वासूशी, शेठचा गुरूशी.

आबा म्हणजे शेठचे वडील. गुडघे गेलेले, म्हणून कारखान्याला लागूनच्या घरी बसून, लिलावात मासळी घ्यायला उभ्या असलेल्या वासूच्या फोनमधून लिलाव ऐकायचे. वासूला मी विचारलं, मध्येच ठेवत का नाहीस?

"आबांचो फोन? तेंनी ठेवल्याबिगर आमी ठेवणव नाय!"

वासू आबांचा माणूस, म्हणून शेठचा त्याच्यावर भरवसा नाही. त्यांनी गुपचूप गुरू नावाच्या दुसऱ्या कामगाराला तिथेच उभं केलं होतं आणि केबिनचं दार लावून तोच लिलाव ऐकत होते.

कागद मी शेठच्या टेबलावर ठेवला.

"आबांना सांगा, फोन आवरता घ्या," मी म्हटलं.

"आबांका कोण सांगतलो?"

"मग तुमचा बंद करा."

"आणि वासू काय करता ता माका कसा कळतला?"

शेवटी दुसरं बेस स्टेशन घ्यायचं ठरलं. शेठ नोटीस खणात सारत होते, तेवढ्यात सुलभा दारातून म्हणाली, "ती फाडा. आणि सगळ्यांसमोर माका बोललात, आता सगळ्यांसमोर सांगा."

शेठनी नोटीस फाडली. सांगायचं मात्र टाळून ते हिशेबाची वही उघडून बसले. सुलभाने टेबलावरचा माझा रिपोर्ट उचलला आणि हजेरीच्या वहीशेजारी खिळ्याला लावून टाकला. चार नावं वाचायला अख्खा कारखाना आला. काठी टेकत आबाही आले. चष्मा लावून त्यांनी सावकाश वाचलं.

"तू पण ऐकतंस?" ते शेठना म्हणाले. "मगे वासूक काल तितकी म्हाग सुरमय घेवक दिलंस कशी?"

तेव्हापासून मी एक पाळतो. लोडचा, म्हणजे कोण किती वेळ बोललं त्याचा, रिपोर्ट कोणी मागितला, की आधी त्याचाच हँडसेट नंबर विचारून घेतो.