चिकाची भांडी

"हे वासरू तुझं," असं माझा मुलगा त्याच्या मुलीला म्हणाला तेव्हा गाय अजून व्यायचीही होती. जत्रेत फुगा घेऊन द्यावा तसं त्यानं दिलं आणि मोबाइलमध्ये तोंड घातलं. माझी नात तिसरीत. तिनं ते खरं मानलं. पोरं खरं मानतात, म्हणून तर त्यांना असं तोंडदेखलं काही द्यायचं नसतं. पण हे सांगायचं कुणाला?

आमचं गाव अंजूरच्या अलीकडे. पूर्वी घरामागे गोठा नाही असं घर नव्हतं, आता घरामागे गोडाऊनची भिंत नाही असं घर नाही. शेतं भाड्यानं गेली, मग बैल गेले, मग एकेक करून गायी गेल्या. ही एक गाय उरली ती माझ्या हट्टानं. वज्रेश्वरीच्या बाजूला माझं माहेर, तिथून भावानं ती कालवड असताना टेम्पोत घालून पाठवली होती. मुलाचं म्हणणं ठरलेलं, "आये, एकदा व्याली की देऊन टाकू तिला. गोठ्याच्या जागेवर गाडी लागंल." पेव्हर ब्लॉकसुद्धा आणून रचून ठेवले होते त्यानं. आणि हाच माणूस मुलीला सांगतो, वासरू तुझं! गाय देऊन टाकणार, मग वासरू काय खिशात ठेवणार होतास का, बाबा?

पण नात माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आजे, माझ्या वासराला काय काय लागेल ते आत्ताच सांग. ते आल्यावर घाई होईल." अशी पोर. मग मी मनावर घेतलं. ज्यानं दिलं त्यानं विसरायचं ठरवलं असेल, पण मी विसरू देणार नव्हते.

शाळेची बस भिवंडीहून चारच्या सुमाराला तिला सोडायची. दप्तर ओट्यावर, की ती गोठ्यात. आधी मी तिला नुसतं उभं राहायला शिकवलं. गायीच्या मागून जायचं नाही. लांबून आवाज द्यायचा, म्हणजे ती दचकत नाही. हात पहिल्यांदा गळ्याखालच्या पोळीला, तिथं खाजवलं की गाय मान लांब करते आणि डोळे मिटते. मग पाठीवर. कासेला हात लावायचा तो रोज थोडा, कारण पहिल्यांदाच विणाऱ्या, पहिलारू गायीला कासेच्या हाताची सवय नसते. आज सवय लागली तर उद्या ती वासरालाही लाथ मारणार नाही. पोर रोज कासेवरून हात फिरवायची आणि गायीशी इंग्रजीत बोलायची. मी म्हटलं, "अगो, तिला मराठी तरी येते का हे विचार आधी." तर म्हणते, "आजे, तिला आवाज कळतो, भाषा न्हाय."

चारा हा दुसरा धडा. पेंढा विकत मिळतो, पण हिरवं कुठून आणायचं? गोडाऊनच्या भिंतीला लागून गवत चांगलं येतं, तिथून आम्ही दोघी कापून आणायचो. ते तसंच गायीपुढे टाकायचं नाही. गोणपाटावर पसरायचं आणि निवडायचं, तांदूळ निवडतो तसं. खोक्यांना बांधतात त्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, थर्माकोलचे गोळे, शहरातल्या लूमवरून वाऱ्यानं आलेले सुताचे गुंते. एकदा तिच्या हाताला ब्लेड लागता लागता राहिलं. मला इतका संताप आला! ज्या जमिनीत माझ्या सासूबाईंनी चवळी लावली, तिथलं गवत आज मी काचा वेचून गायीला घालते. पण पोरीनं तोंड वाकडं केलं नाही. पट्ट्या एका बाजूला, सूत एका बाजूला, गवत गायीला. सून एकदाच बोलली, "युनिफॉर्मला शेणाचा वास येतो." मी सांगितलं, "युनिफॉर्म काढून येईल, वास तुझ्या नाकातच राहील."

रविवारी सकाळी गाय व्याली. उजाडलं होतं, लोकांचे चहा चालले होते. कालवडच झाली, तांबडी, कपाळावर पांढरा ठिपका. नात माझ्याजवळच होती. मी सांगत गेले आणि ती करत गेली. नाकातोंडातला चिकटा आधी पूस. आता गोणपाटानं अंग घास, अजून जोरानं, गायीची जीभ काय मऊ असते होय? मग मी गायीचं तोंड वासराकडे वळवलं आणि गाय चाटायला लागली. मी म्हटलं, "आता ही उठेल, पडेल, पुन्हा उठेल. तिला कासेकडे न्यायचं. पहिलं तोंड तिचं. तू इथून हलू नकोस." आणि मी गायीसाठी गूळ घालून कण्या शिजवायला घरात गेले. व्यायलेल्या गायीला गरम काहीतरी द्यावं लागतं.

चूल लवकर पेटेना, कण्या शिजायला तासभर लागला. तेवढ्यात नात चुलीपाशी आली. रडत नव्हती, पण ओठ पांढरे झाले होते.

"आजे, सगळं काढून नेलं."

"काय नेलं?"

"दूध. पिवळं. काकी-आजीनं काढलं. सगळ्यांनी भांडी आणली होती."

मी पळत गोठ्यात गेले. वासरू एका कोपऱ्यात दाव्यानं बांधलेलं, मान टाकून पडलेलं. गायीची कास पिळलेली, लोंबत होती. आणि माझी धाकटी जाऊ, जिचा दूध काढायला हात चांगला आहे हे मीच गावभर सांगत आले, ती पदराला हात पुसत उभी. माझ्या मुलानं हौसेनं गावाच्या ग्रुपवर वासराचा फोटो टाकला होता. गल्लीत कित्येक वर्षांनी गाय व्याली! लोक डबे, पातेली, लोटे घेऊन चिकाला आले होते आणि घेऊनही गेले होते.

"वासराला पाजलं?" मी विचारलं.

जाऊ म्हणाली, "गायीची वार पडली न्हाय अजून. वार पडल्याबिगर वासराला तोंड लावू देयाचं नसतं, जाऊबाय. जुलाब लागतात. तुमाला काय सांगायचं?"

"वासराच्या तोंडाला चालत न्हाय, आणि तुमच्या डब्यांना चालतं?"

"अवो, रीत हाय! चीक घरात ठेवायचा नसतो, वाटायचा असतो."

रीत! रीत मला माहीत नाही का? मी या घरात आले तेव्हा गल्लीभर गायी होत्या. एकीकडे गाय व्याली की वाटी वाटी चीक चार घरी जायचा, पुढच्या महिन्यात त्यांच्याकडून आपल्याकडे यायचा. आणि जायचा तो वासरू पिऊन उरलेला. त्या रीतीला गल्लीभर गायी लागत होत्या. आता गाय एक आणि भांडी गल्लीभर. गायी ज्यांनी देऊन टाकल्या, गोठ्यांवर लाद्या घातल्या, शेणाचा वास येतो म्हणून खिडक्या लावून घेतल्या, त्यांना रीत तेवढी आठवली! खरवसाच्या वेळी सगळे शेतकरी.

आणि त्या कोवळ्या जिवाला काय लागतं? पहिल्या काही तासांत पहिला चीक पोटात गेला तर वासरू जगतं, नाहीतर कशानंही जातं. नंतर कासेत उतरेल ते उतरेल, पण पहिला चीक तो पहिला चीक. गाय पहिलारू, तिला असून किती असणार? नात वासराची मान मांडीवर घेऊन बसली होती. मला म्हणाली, "आजे, ते लोक देतील का परत?"

गावात दिलेलं परत मागायला कुणी जात नाही. लग्नाचा आहेर परत मागवा एकवेळ, पण अन्न नाही. मी कधी गेले नव्हते. त्या दिवशी मी पितळी कळशी पोरीच्या एका हातात दिली आणि तिचा दुसरा हात धरला. "चल गो बाय. वासरू तुझं आहे ना? मागायचंही तुलाच."

पहिल्या शेजारणीकडे गेलो तर तिनं गूळ-वेलची घालून कुकरला लावलंसुद्धा होतं. वासच आला. ती हसली, "दिलेलं परत मागतेस? घरात कुणी आजारी हाय का?"

"हाय," मी म्हटलं. "वासरू हाय."

"म्हातारी भ्रमली," असं ती आत नवऱ्याला म्हणाली. मी उंबऱ्यातूनच ऐकवलं, "भ्रमले असते तर तुझा कुकर उचलून नेला असता."

पुढच्या घरी चीक पातेल्यात तसाच होता. तिथल्या बाईनं कपाळाला आठ्या घालून अर्धा ओतला, अर्धा ठेवला. मी नातीकडे बघितलं. तिनं आपली कळशी हलवली नाही, तशीच पुढे धरून उभी राहिली. "सगळा पाहिजे," म्हणाली, "ती अजून उठली पण न्हाय." बाईनं बाकीचाही ओतला. ओतला म्हणजे आदळला.

एक बाटली गोडाऊनच्या ऑफिसात गेली होती. माझ्या मुलानंच तिथल्या मॅनेजरला खूश करायला पाठवली होती. फ्रीजमध्ये कोल्ड्रिंकच्या बाटल्यांच्या ओळीत ती उभी होती. मॅनेजर गोंधळला, "अम्मा, आपके बेटे ने दिया है." मी म्हटलं, "बेटा मेरा है, दूध बछड़े का है." त्यानं बाटली काढून दिली आणि वर म्हणतो, "पहले बोलना था ना." कुणाला पहले बोलणार होते मी? सगळं तर माझ्या पाठीमागं झालं होतं.

शेवटी जावेचं घर. ती दारातच उभी. तिनं सगळ्यात मोठं पातेलं भरून नेलं होतं, काढणाऱ्याचा वाटा म्हणून. "एवढ्या वर्षांत माज्या हाताला कुणी नाव ठेवलं न्हाय," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं, रागाचं. मलाही राग होता, मी तिच्यावर जास्त ओरडले. काय काय बोलले ते लिहीत नाही, पण एकही शब्द मागे घेणार नाही. तिनं पातेलं आणून ओट्यावर ठेवलं. "न्या. वासरू मेलं तर मात्र मला बोलायचं न्हाय."

"मरायचं नाव काढशील तर याद राख," मी म्हटलं.

घरी आलो. फ्रीजमधला चीक गार. सरळ चुलीवर ठेवला तर फाटतो, म्हणून गरम पाण्यात भांडं ठेवून कोमट केला. नातीला सांगितलं, घशात ओतायचा नाही, छातीत जातो. बोटं चिकात बुडव, तिच्या जिभेवर ठेव, ती चोखायला लागली की हात हळूहळू भांड्यात खाली ने. पहिल्यांदा काहीच होईना. वासरू नुसतं बघत होतं. पोरीनं पुन्हा बोटं बुडवली. पुन्हा. मी गप्प बसले, मला बोलणं सोपं असतं, गप्प बसणं नाही. मग वासराची जीभ तिच्या बोटांभोवती गुंडाळली गेली आणि पोर ओरडली, "आजे, खरखरीत हाय!" आणि तिचा हात वासराच्या तोंडासकट भांड्यात गेला.

दुपारी मुलगा आला. गावभर बोभाटा झाला होता. "आये, तोंड दाखवायला जागा न्हाय ठेवलीस. गोडाऊनमध्येसुद्धा गेलीस?" मी म्हटलं, "तू तुझ्या मुलीची वस्तू तिला न विचारता बाटलीत भरून दिलीस. जागा तू शोध." तो म्हणाला, "वासरू हाय ते, वस्तू काय?" मी म्हटलं, "मग तर आणखीच वाईट." मी त्याचं जेवण वाढलं आणि समोर बसले नाही. आमच्यात हे घटस्फोटाहून मोठं.

वासराचं काम तेवढ्यानं संपत नव्हतं. संध्याकाळी वार पडली, कासेत थोडं उतरलं, पण वासराला पायांवर नीट उभं राहता येत नव्हतं. सकाळीही तेच. एकानं मागून आधार द्यायचा, एकानं तोंड सडाला लावायचं, आणि गायीला कुणीतरी थोपटायचं. माझी कंबर रात्रीतच धरली होती. जावेला मी बोलावणार नव्हते आणि ती येणार नव्हती. नात शाळेच्या युनिफॉर्ममध्ये, एका हातानं वासराचं तोंड धरून गोठ्यात उभी. बस यायला आली होती. तिचा बाप दारातून गाडीची चावी फिरवत चालला होता.

"पप्पा," ती म्हणाली, "बूट काढून आत या. हिला मागून धरा."

तो माझ्याकडे बघायला लागला. मी गायीच्या गळ्याकडे बघत राहिले. माझा राग तेव्हाही होता, आजही आहे, आणि मी त्याला सोडवायला जाणार नव्हते. तो बूट काढून आला. लहानपणी त्यानं हे शेकडो वेळा केलेलं, पण हात विसरले होते. पोटाला धरलं त्यानं.

"पोटाला नको, तिला दुखेल. मांड्यांना धरा," पोर ओरडली. त्यानं मांड्यांना धरलं. वासरानं दोनदा सड सोडला, तिसऱ्यांदा धरला आणि शेपूट हलायला लागलं. बाहेर बसचा हॉर्न वाजला. कुणी हललं नाही.

"किती वेळ धरायचं?" त्यानं विचारलं.

"तिचं होईपर्यंत," ती म्हणाली.