न मागितलेली पुरवणी

मार्च जवळ आला की मी नुसता मराठीचा मास्तर राहत नाही, परीक्षा कशी द्यायची याचा उस्ताद होतो. तळोद्यापासून थोडं वर, डोंगराच्या पायथ्याशी आमची आश्रमशाळा आहे. मुलं वरच्या पाड्यांवरची, घरी पावरी नाहीतर भिली बोलणारी. मी शहाद्याकडच्या शेतकऱ्याच्या घरातला, घरात अहिराणी. पुस्तकातली मराठी त्यांना परकी आणि खरं सांगायचं तर माझीही कमावलेलीच. तरीही दहावीला माझ्या विषयात आमची मुलं सहसा नापास होत नाहीत, याचा मला फार तोरा होता. शिक्षकांच्या बैठकीत कोणी विचारलं की मी खुर्ची पुढे ओढून सांगायला बसायचो.

माझी शिकवण साधी होती. समास सोडा. प्रत्येक मुख्य प्रश्न नव्या पानावर घ्या. दोन उत्तरांमध्ये एक ओळ मोकळी ठेवा. येत नसेल तिथे अडून बसू नका. पेपर तपासणारा माणूस थकलेला असतो, त्याला त्रास दिलात तर तोही तुम्हाला देईल. हे मी इतक्यांदा सांगायचो की मागच्या बाकावरची पोरं माझ्याआधी वाक्य पुरं करायची. मी खडू फेकायचो आणि मनातून खूश व्हायचो.

त्या वर्षी वर्गात एक मुलगी होती. काठी गावाच्या अलीकडच्या एका पाड्यावरची, घरातली थोरली. तिला नर्स व्हायचं होतं. हे तिने मला सांगितलं नव्हतं, निबंधात लिहिलं होतं. तिच्या काकूला ताप आला तेव्हा पाड्यावर आलेल्या नर्सबाई खालच्या गावच्या होत्या. काकूला त्यांचं कळेना, त्यांना काकूचं कळेना, आणि मध्ये उभी राहून या पोरीने दोघींचं एकमेकींना सांगितलं. ‘मी नर्स झाले तर मधे कोणी लागणार नाही,’ असं शेवटचं वाक्य होतं. ते वाक्य मी शिकवलेलं नव्हतं.

त्यासाठी अकरावी सायन्स हवं, सायन्ससाठी तळोदा, आणि तळोद्यात राहायचं तर मुलींच्या वसतिगृहात नंबर लागायला हवा. तिच्या पाड्यावरून रोज जीपने ये-जा करणं कोणाच्याच हातातलं नव्हतं. वसतिगृहाची यादी दहावीच्या मार्कांवर लागते. म्हणजे सगळं त्या आठ-नऊ पेपरांवर होतं, आणि मला तिची काळजी सगळ्यात कमी होती. होळीच्या दिवसांत परीक्षा आली, अर्धा वर्ग काठीच्या होळीला सोडा म्हणून माझ्यामागे लागला. तिचा बाप तर त्या वर्षी होळीचं व्रत धरून होता. पण तिने सुट्टी मागितली नाही. मी सगळ्यांना तिचं उदाहरण दिलं.

निकाल लागला. विज्ञान चांगलं, गणित चांगलं, समाजशास्त्र चांगलं, आणि मराठीत कशीबशी पास. माझ्या विषयात! मी तीन वेळा नंबर टाकून पाहिला. वसतिगृहाच्या यादीत तिचं नाव थोडक्यात हुकलं. मराठीत इतर विषयांसारखे मार्क पडले असते तर ते कुठल्या कुठे वर असतं. मी पेपर तपासणाऱ्याच्या नावाने बोटं मोडली, स्टाफरूममध्ये आरडाओरडा केला, आणि तिच्या उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्ससाठी बोर्डाकडे अर्ज टाकला. त्या माणसाला मी सोडणार नव्हतो.

झेरॉक्स आली तोवर यादी बंद झाली होती. शिपाई म्हणाला, “सर, तुमनं पाकीट उनं शे,” आणि मी तिथेच व्हरांड्यात उभ्या उभ्या ते फोडलं.

पहिली पानं बघून छाती फुगली. समास, नवं पान, मोकळी ओळ, सगळं माझ्या सांगण्याबरहुकूम, आणि अक्षर टपोरं, गोल. मग पुढे पुढे अक्षर लहान व्हायला लागलं. मोकळ्या ओळी गेल्या. शेवटच्या दोन पानांवर तर मुंग्यांची रांग लागल्यासारखं दिसत होतं. पत्र अर्ध्या पानात कोंबलेलं, बातमी चार ओळींची, आणि निबंध पानाच्या अगदी खालच्या कडेला सुरू होऊन तिथेच संपलेला. पुढे काही नाही. पुरवण्यांच्या चौकटीत शून्य.

पुरवणी म्हणजे उत्तरपत्रिका भरली की वर जोडायला मिळणारा जादा कागद. उभं राहून मागायची, पर्यवेक्षक आणून देतो. मागितलेली पुरवणी कोणी नाकारत नाही. इतर विषयांत लिहायचं थोडं, तिथे तिला ती लागली नव्हती. इथे तिने जेवढं लिहिलं होतं तेवढ्याला तपासणाऱ्याने चोख मार्क दिले होते. भांडायला जागाच नव्हती.

मग मला आमची सराव परीक्षा आठवली. शाळेत कागदाची नेहमीच ओढाताण, म्हणून आम्ही वहीची पानं मोजून टाचतो आणि एकेकाच्या हातात देतो. बहुतेकांची तेवढीही भरत नाहीत. त्या दिवशी ही उठून उभी राहिली आणि म्हणाली, “सर, अजून एक कागद.” मी चिडखोर माणूस, त्यात उन्हाने डोकं तापलेलं. म्हणालो, “कागद काय महूच्या झाडाला लागतो? दिलाय तेवढ्यात बसव.” वर्ग हसला. ती खाली बसली आणि खरंच तेवढ्यात बसवलं तिने. पेपर परत देताना मी तो सगळ्यांना दाखवला आणि म्हणालो, असं लिहायला शिका.

बोर्डाच्या परीक्षेत पुरवणी मागायची असते, हे मी त्या वर्षी वर्गाला सांगितलं नव्हतं. त्याआधीही नव्हतं. कधी कोणाला लागलीच नव्हती.

बरेच दिवस मी ती झेरॉक्स दप्तरात घेऊन हिंडलो. रोज जेवताना बायकोला तेच तेच सांगायचो. शेवटी बायकोच म्हणाली, “आते इचार करीसन काय व्हई? जाई या एकदाव. चूक व्हयनी शे ते तिले सांगी द्या.” मलाही तेच करायचं होतं. शिवाय मार्क वाढवायला पुन्हा परीक्षेला बसता येतं, तेही सांगायचं होतं. दसरा झाल्यावर एका रविवारी तळोद्याहून वर जाणाऱ्या जीपमध्ये बसलो. फाट्यावर उतरून पाड्याकडे चालू लागलो.

घरात सामान बांधणं चाललं होतं. ऊसतोडीला गुजरातेत निघाले होते, सगळेच. बापाने खाट टाकली, पाणी दिलं, “गुरुजी, बसा,” म्हणाला आणि लाजल्यासारखा बाजूला उभा राहिला. परीक्षेआधी मी माणूस पाठवून त्याला सांगितलं होतं, तुझी पोर नाव काढेल. आता तो मला त्याबद्दल काही विचारत नव्हता, हेच मला जास्त लागलं.

ती भांडी पोत्यात भरत होती. मला बघून हात पुसून आली. मी झेरॉक्स काढली, तिच्यापुढे धरली आणि विचारलं, “पोरी, हे असं का झालं?”

“तुम्ही सांगितलं ते सगळं केलं, सर,” ती म्हणाली. “मग कागद संपत आला. म्हणून बारीक लिहिलं. संपला तेव्हा हात बांधून बसले.”

“किती वेळ?”

“घंटा होईपर्यंत. खूप वेळ होता.”

“बाकीची मुलं पुरवणी मागत होती ना? दिसली नाहीत तुला?”

“मागत होती. पण ती दुसऱ्या शाळेतली. आपल्यातलं कोणी उठलं नाही.” मग म्हणाली, “त्यांच्या सरांनी त्यांना परवानगी दिली असेल.”

आत्ता बोलायचं, एवढंच मनात होतं. चूक माझी होती, पोरी. तुला उठता येत होतं, मीच तुला बसवलं. चार शब्दांचं काम. पण बाप ऐकत उभा होता, तिची आई दारात आली होती, लहान भावंडं खाटेभोवती जमली होती, आणि त्या सगळ्यांसाठी मी अजून गुरुजी होतो. मला ते सोडवेना. दुसरं कुठलंही कारण मी आजवर शोधू शकलेलो नाही.

ती झेरॉक्सकडे बघत होती. तिनेच विचारलं, “माझं अक्षर फार मोठं आहे का, सर? त्यामुळेच पुरला नाही ना कागद?”

मी म्हणालो, “हो. थोडं मोठंच आहे.”

तिने मान हलवली. सुटल्यासारखी दिसली. पुन्हा परीक्षेला बसण्याबद्दल मी बापाला सांगितलं, त्याने नीट ऐकून घेतलं आणि उसाचा हंगाम उन्हाळ्यापर्यंत चालतो एवढंच म्हणाला. निघताना ती मला जीपपर्यंत पोहोचवायला आली.

“परत कधी परीक्षेला बसले तर बारीक काढीन, सर,” ती म्हणाली.

मी बरं म्हणालो आणि जीपमध्ये बसलो.