पांढरी, तांबडी आणि आईचे गुडघे

लोक प्रवासवर्णनं लिहितात ती हिमालयाची नाहीतर परदेशाची. माझ्या वाट्याला आला रहाटणी ते चाकण, तोही रविवारी, तोही रिक्षातून. अंतर सांगितलं तर हसाल. पण त्या एका दिवसात मी जेवढा दमलो तेवढा आठवडाभराच्या रात्रपाळीतही दमत नाही, म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

निघालो तिघं: मी, बायको अर्चना आणि आई. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली. चालते, पण जपून. तिची धाकटी बहीण, माझी शकूमावशी, निलंग्याजवळच्या खेड्यात असते. मावशीला प्रवास झेपत नाही आणि आईला बस चढवत नाही, त्यामुळे दोघी बहिणी दोन वर्षं फोनवरच एकमेकींची खुशाली विचारताहेत. मागे एका लग्नाला निघताना भाच्यांनी आईला दोन्ही बाजूंनी धरून उंच जीपमध्ये चढवलं होतं. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला आणि मांडवात तो बघून लोक हसले. त्या दिवशी आईने मला बजावलं, "पोत्यावाणी उचलून बसवणार असलास तर मी येत न्हाई. गाडी तुमची तुमाला." म्हणजे गाडी कुठली घ्यायची हा प्रश्न एवढाच होता, की आई कुणाच्या हाताशिवाय तिच्यात बसू शकते का.

रिक्षा तात्यांची. तात्या रहाटणीचे मूळ गावकरी. आमची सोसायटी त्यांच्या ज्वारीच्या शेतावर उभी आहे असं ते दर दोन दिवसांनी सांगतात. त्यांच्या रिक्षात आई एकटी बसते. दांडी धरली, पाय टाकला की झालं. पण रिक्षा निलंग्याला जात नाही.

पहिला मुक्काम चिंचवडला, हायवेवरच्या मोठ्या शोरूममध्ये. आत इतकं गार होतं की आईने पदर कानावरून घेतला. तिला सोफ्यावर बसवून मी पांढऱ्या गाडीकडे वळलो. आता एक गोष्ट कबूल करायला हवी. या गाडीच्या पुढच्या सीटा चाकणच्या ज्या कारखान्यात बनतात, तिथे मी क्वालिटी विभागात आहे. अकरा वर्षं मी त्या सीटांची मापं तपासतो. त्यामुळे गाडीत बसायच्या आधी मी खाली वाकून सीटच्या बुडाशी बघतो, आणि सेल्सची मुलगी माझ्याकडे संशयाने बघते.

पांढरीवर माझा डोळा असायला दुसरंही कारण होतं. पांढरी बनवणाऱ्या मोठ्या कंपनीच्या गेटचा एक नियम आहे: आत फक्त त्यांच्याच बनावटीची गाडी. दुसरी कुठली असेल तर ती बाहेर रस्त्याला लावायची आणि चालत जायचं. कुठे सीट खटकली की मला आठवड्यातून तीनदा तरी तिथे गाड्या जोडतात त्या लाइनवर जावं लागतं. स्कूटर बाहेर लावून, पायात सेफ्टी शूज, हातात मापाची पेटी, गेटपासून शेडपर्यंत वीस मिनिटं डांबरावरून. घरी येतो तेव्हा टाचा सुजलेल्या असतात. पांढरी घेतली की गेटवरचा माणूस दांडा वर करणार आणि मी थेट सावलीत. या एका चित्रावर मी सहा महिने जगलो होतो.

खिशात चेकशीट होतं. आदल्या रात्री मी आईला भिंतीला टेकवून उभं केलं होतं आणि जमिनीपासून गुडघ्यापर्यंत, गुडघ्यापासून कमरेपर्यंत टेपने मोजलं होतं. आता तीच टेप लावून गाडीचा उंबरठा मोजला, सीटची उंची मोजली, दाराची फाक मोजली. सगळं मापात. मी बरोबरची खूण केली. मग अर्चनाला घेऊन स्पाइन रोडला एक चक्कर मारली. गाडी छान होती, खोटं कशाला बोलू. परत येऊन मुलीला सांगितलं की जवळपास ठरल्यात जमा आहे. आई तोवर सोफ्यावर बसून कागदी कपातला चहा गार करत होती. कुणी तिला काही विचारलं नाही, मीसुद्धा.

दुसऱ्या कंपनीची तांबडी गाडी बघायची ती केवळ मनाचं समाधान म्हणून. तिचं शोरूम चाकणला. नाशिक फाट्यापर्यंत बरे गेलो. भोसरी ओलांडली आणि पुढे जे अडकलो, ते इंद्रायणीच्या पुलावर अर्धा तास नुसते उभे. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, आणि मध्ये आम्ही चिमटीत सापडल्यासारखे. धुळीने अर्चनाच्या भुवया पांढऱ्या झाल्या. पुलापुढच्या एका खानावळीत पिठलं-भाकरी खाल्ली. आईला पिठलं आळणी लागलं. तिने उलीसं (थोडंसं) मीठ मागून घेतलं आणि पाय लांब करून बसली.

तिथेच तात्यांनी भाकरी मोडता मोडता सहज विचारलं, आजींना गाडीत बसवून बघितलं का? मी म्हटलं, मापं घेतली आहेत, जुळतात.

"व्हय, पर बसवलं का न्हाई?"

अर्चनाने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "काखेत कळसा अन् गावाला वळसा." अकरा वर्षं मी माणसं बसायच्या वस्तूवर माणूस न बसवता शिक्का मारतो आहे, त्यामुळे सोफ्यावर बसलेल्या आईला उठवायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. लाज वाटली. पण लाजेने सुचत काही नाही, म्हणून आणखी एक भाकरी मागवली.

चाकणचं शोरूम लहान, शेजारी टायरचं दुकान. तांबडी गाडी बघून मी मनातल्या मनात नाक मुरडलं. सीटची शिलाई एका जागी वाकडी होती, आणि सीट तर अशी सपाट, की शाळेतलं बाकडं बरं. आमच्या सीटच्या दोन्ही कडांना चांगला फुगवटा असतो, वळणावर माणूस हलू नये म्हणून. मी चेकशीटवर फुली मारायला पेन काढलं आणि तेवढ्यात आई खुर्चीवरून उठली. कुणी सांगितलं नव्हतं. दारापाशी गेली, गाडीकडे पाठ केली, एका हाताने दार आणि दुसऱ्याने चौकट धरली आणि आधी बूड टेकवलं. सेल्सचा माणूस पुढे आला तर म्हणाली, "हात लावू नगा." मग एक पाय हाताने उचलून आत घेतला. थांबली. दुसरा घेतला. सपाट सीटवरून सरकत सरकत नीट बसली आणि समोरच्या काचेतून बाहेर बघू लागली.

मी पेन खिशात ठेवलं. खरं तर तिथेच निकाल लागला होता. पण माझ्या डोळ्यांसमोरून ते गेट हलेना. म्हटलं, तिथे जमलं तर पांढरीतही जमेल, उंची तर सारखीच आहे. तात्यांनी रिक्षा वळवली. पुन्हा तोच पूल, तेच कंटेनर. चिंचवडला पोचलो तेव्हा शोरूमचे दिवे लागले होते आणि आम्हा चौघांचाही जीव मेटाकुटीला आला होता.

आईने तशीच पाठ केली, तसंच दार धरलं, बूड टेकवलं. पण ते टेकलं सीटच्या कडेच्या फुगवट्यावर. त्यावरून आत सरकायचं तर कंबर उचलावी लागते, आणि कंबर उचलायची तर गुडघ्यात जोर लागतो. ती अर्धी आत, अर्धी बाहेर लटकली. आत जाता येईना, खाली उतरता येईना. तो फुगवटा मी ओळखत होतो. किती उंच, किती टणक, कमी-जास्त किती चालेल, सगळं मला पाठ आहे. तो मापात होता. दारावरची आईची पकड सुटायला लागली तेव्हा मी पुढे झालो आणि तिला दोन्ही हातांनी उचलून खाली घेतलं. आजूबाजूला पाच-सहा माणसं होती. आई कुणाकडेच बघत नव्हती.

रिक्षाने घराकडे निघालो. काळेवाडीचा पूल आला तेव्हा मी म्हटलं, आई, तांबडीच घेऊ.

"कामून? (का?)" ती म्हणाली. "पांढरीच घे. तुझ्या पायाला मीठ-पाण्याचा शेक मीच देते, मला दिसत न्हाई का? ऊन लागतंय तुला. उचल की मला. तुझ्या हातानं उचललास तर चालंल."

दोन वर्षं जिने मान खाली घालायला नकार दिला, ती माझ्या टाचांसाठी मान तुकवायला तयार झाली होती. मला रडू आलं. धूळ गेली डोळ्यांत, असं सांगितलं, आणि त्या रस्त्यावर ते कुणालाही खरं वाटतं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत जाऊन तांबडीचे पैसे भरून आलो.

आता तांबडी गेटबाहेर सुबाभळीखाली उभी असते, धुळीने तपकिरी झालेली. मी पेटी घेऊन चालत जातो. फुगवट्याला माप लावतो, ते बरोबर येतं, मी शिक्का मारतो. दुसरं काय करणार, ड्रॉइंगमध्ये आईचे गुडघे नाहीत. टाचा अजून सुजतात.

पण मागच्या महिन्यात आम्ही निलंग्याला गेलो. मावशी ओसरीवरच्या खाटेवर बसून होती. गाडी दारात थांबताच तिचा मुलगा आईला धरायला धावला. आईने त्याला हातानेच थांबवलं. "थांब की. उतरायले (उतरतेय) न्हवं मी." एक पाय बाहेर आला, मग दुसरा, मग दारावरचा हात. पुरी पाच मिनिटं गेली असतील. खाटेवरून मावशी एकटक बघत होती, आणि चहा गार होतोय असं कुणी म्हटलं नाही.