बाबांवरच्या लेखातलं आवाहन

बाबांना जाऊन वर्ष होत आलं तेव्हा त्यांच्या जुन्या सोबत्यांनी पहिल्या स्मृतिदिनी, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात एक छोटी स्मरणिका काढायचं ठरवलं. पहिला लेख माझा, हेही त्यांनीच ठरवून टाकलं. मी तो एका बैठकीत लिहिला. मला वेळ लागत नाही. वाचायला शिकले तीच चळवळीच्या पत्रकांवर. बाबा दारव्ह्याच्या प्रेसमधून गठ्ठा आणायचे आणि वरचा कागद माझ्या हातात द्यायचे. "वाच. तू अडखळली त लोकंही अडखळतीन."

लेख आईला वाचून दाखवला. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, "बेस हाये. मोर्चा कधी हाये मंग?"

मी कागदाकडे पाहिलं. वर ठळक मथळा, मध्ये अन्यायाचे परिच्छेद, खाली मागण्या आणि शेवटी आवाहन: बहुसंख्येने उपस्थित राहावे. स्वतःच्या बापाच्या आठवणींखाली मी लोकांना जमायला सांगितलं होतं. लिहिताना ते खटकलंही नव्हतं.

"याच्यात तुहा बाप कुठी हाये?" आईने विचारलं.

मला राग यायला हवा होता. तो मला पटकन येतो. गावच्या पाण्यासाठी मी साहेबांच्या टेबलावर हात आपटून आलेली आहे. पण बाबा गेल्यापासून त्यांच्या बाबतीत काहीच येत नव्हतं, ना राग, ना रडू. लेख दुरुस्त करायला बसले की एक नवी घोषणा सुचायची, तेवढंच.

मग लेख बाजूला ठेवला आणि रोज सकाळी चहा घेताना वहीत लिहू लागले. लेखाबद्दलच, पण कुणाला काही पटवायचं नाही अशा बोलीवर. पहिल्या पानावर एवढंच आहे: 'आज लेख उघडला. काही वाटलं नाही. बंद केला.' पुढचं पानही तसंच. नंतर मी लेखातलं एकेक वाक्य वहीत उतरवून खाली विचारू लागले, हे तू पाहिलंस का? 'आयुष्यभर संघर्ष केला.' नाही, असं काही मी पाहिलेलं नव्हतं. पाहिलं होतं ते हे: पत्रकं भिंतींना चिकटवायला बाबा घरीच कणकेची खळ शिजवायचे आणि आई कणकेचा डबा लपवायची. "घरात पोळी नाही अन गावच्या भिती जेवून राह्यल्या," म्हणायची. रात्री ते परतायचे तेव्हा खळ वाळून शर्टाच्या बाह्या पुठ्ठ्यासारख्या झालेल्या असायच्या.

हे लिहूनही काही हललं नाही. पण ते खरं होतं, म्हणून ठेवलं.

एका सकाळी लिहिलं: 'बाबा गेले त्या दुपारी गावोगाव पाठवायचा निरोप मीच लिहिला. दोनदा तपासला. रडू आलं नाही. अजून आलेलं नाही.' वाचून पाहिलं. लेखातल्या माझ्या सगळ्या मागण्या या वाक्यांना झाकायला उभ्या होत्या, हे मला तेव्हा दिसलं.

लेख नव्याने लिहिला. मागण्या गेल्या, आवाहन गेलं, वहीतली खळ आणि ही वाक्यं आली. बाबांच्या सोबत्यांपैकी स्मरणिकेचं काम बघणाऱ्या काकांना पाठवला. त्यांचा लगेच फोन आला.

"बेटा, खळीचं झकास लिवलं. पण ते रडू नाही आलं वालं काढ. कार्यकर्त्याची पोरगी अन बापासाठी डोळा ओला नाही? लोकं काय म्हणतीन?"

"काका, छापायचं ते खरंच छापायचं, हे तुम्ही आणि बाबांनीच शिकवलं."

"अवं, ते पत्रकाचं सांगतलं होतं!"

"मग लेखच नका घेऊ."

"तुह्या आईले वाचून दाखव. तिची हो असंन त छापतो."

आईला वाचून दाखवला. या वेळी तिच्या हातात काही काम नव्हतं. ती वाक्यं आली तेव्हा मी मान वर केली नाही.

"मी त लय रडली होती," ती म्हणाली.

"हो."

"बाया आल्या का रडू ये. बाया गेल्या का थांबे. मंग मी नुसती बसून राहो." मग म्हणाली, "हे बी लिही त्याच्यात."

"तुझं? छापून येईल आई."

"येऊ दे. तू एकटीच काहून बोलणे खाशीन?"

ती भात टाकायला उठली. मी तिचं बोलणं माझ्या वाक्यांखाली जसंच्या तसं लिहिलं आणि काकांना पाठवून दिलं.